ओटीचा पंचनामा

पोरीच्या मैदानी चाचणीच्या आदल्या दिवशी मी महालक्ष्मीसमोर नवस बोलले होते. "आई, माझ्या मनालीला पोलिसात लाव. मार्गशीर्षातले सगळे गुरुवार करीन, आणि उद्यापनाला माझ्या दारात जी बाई येईल तिला ओटी भरल्याशिवाय जाऊ देणार नाही."

हे शेवटचं मी उत्साहाच्या भरात जोडलं. सगळा घोळ तिथेच झाला. चहा हातात असेल तर एक घोट आधी घेऊन टाका, मग ठसका लागला म्हणून माझ्यावर येऊ नका.

तर देवी पावली, मनाली लागली! सहा महिने आमच्या जुईनगरच्या सोसायटीमागे घरातला वरवंटा घेऊन गोळाफेक करायची हो ती. सहा महिने आम्ही मिक्सरची चटणी खाल्ली. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. म्हणजे पोलीस घरी येणार, चौकशी करणार, शेरा मारणार. शेरा चांगला आला तर पोरगी ट्रेनिंगला. वाईट आला तर सहा महिन्यांची चटणी वाया.

उद्यापनाला पाच सवाष्णी बोलावल्या होत्या. चार आल्या, पाचवी तापाने पडली. वरच्या मजल्यावरच्या सुमनवहिनींचा फोन आला, "टेन्शन नका घेऊ. माझी जाऊ कोपरखैरण्याहून येतेय, तिला थेट तुमच्याकडेच पाठवते."

कहाणी वाचायला बसले आणि बेल वाजली. दारात एक तरुण बाई. साधा कुडता, ओढणी, गळ्यात मंगळसूत्र, हातात फाइल. आता तुम्ही म्हणाल, फाइल दिसली नाही का? दिसली! पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाईच्या हातात पोथीच असणार ना?

"मनाली इथेच राहते का? मी..."

"इथेच, इथेच! या, तुमचीच वाट बघत होतो."

"काकू, मी पोलि..."

"श्श! कहाणी चाललीय. मध्ये बोललं की पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते."

माझ्या चारही जणींनी तिच्याकडे अशा काही नजरेने बघितलं की बिचारी मुकाट पाटावर बसली. मी तिच्या मुठीत अक्षता दिल्या. तिचा फोन वाजला. मी तो काढून घेतला आणि चौरंगाखाली ठेवला. होय, ड्युटीवरच्या पोलिसाचा फोन! मला काय ठाऊक?

कहाणी संपली. हळदीकुंकू लावलं, गजरा माळला. ओटी भरायला गेले तर ही हात मागे घेते. म्हटलं, नवी जाऊ आहे, लाजतेय. मीच तिची ओढणी पुढे ओढली आणि ओटी भरली.

मग ती उठली. ओढणीत नारळ, डोक्यात गजरा, आणि हातात ओळखपत्र.

"झालं तुमचं? मी पोलीस चौकीतून आलेय. मनालीच्या पडताळणीसाठी."

समईतली वातसुद्धा सावधान उभी राहिली.

"काकू, हे परत घ्या."

"अगं बाई, भरलेली ओटी कुणी परत घेतं का?"

"मी ड्युटीवर आहे. ज्या घराची चौकशी, तिथला चहासुद्धा घ्यायचा नाही, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलंय आम्हाला. आणि यात रुपया पण आहे."

"ओटीत रुपया असतोच!"

"असतोच, असं सगळेच म्हणतात."

आता मात्र मी पदर खोचला. मी तशी गरीब बाई, कुणाला उलट बोलत नाही. पण माझ्या ओटीला लाच म्हणायचं? "परत घेणार नाही. काय करायचं ते करा."

"मग मला हे चौकीत जमा करावं लागेल. तुम्हालाही यावं लागेल."

"येते की! घाबरते की काय?"

आणि निघाले. पैठणी, नथ, पोटात दिवसभराचा उपास, मागे चार सवाष्णी. लिफ्टमध्ये कोण भेटावं? सुमनवहिनींची जाऊ! "काकू, तुमच्याचकडे येत होते, हळदीकुंकवाला."

म्हटलं, "बस हो घरात. मी जरा चौकीत जाऊन येते."

रस्त्यात मनालीचा फोन. बाहेर गेलेल्या पोरीला चौघींपैकी कुणीतरी कळवलंच होतं. "आई! तू पोलिसांना लाच दिलीस?"

"ओटी भरली!"

"अगं, लोक नोकरीला लागल्यावर सस्पेंड होतात. मी लागायच्या आधीच होणार!"

खरं सांगते, तेव्हा मात्र घाबरले. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

चौकीत टेबलाशी एक वयस्कर हवालदार होते, इथल्याच जुन्या गावातले. त्यांनी नारळाकडे बघितलं, माझ्या नथीकडे बघितलं. "वहिनी, नारल घेऊन घरी जा न. कशाला ताप?"

"घेणार नाही."

"मग तू ठेव गं पोरी. देवीचा हाय."

"ठेवणार नाही," ती म्हणाली. नोकरीत येऊन तिला वर्षही झालं नव्हतं, पण मान अशी ताठ! बसली आणि पंचनामा लिहू लागली. "नारळ, शेंडीसह, एक. तांदूळ..."

"गहू आहेत," मी म्हटलं.

"गहू, पाच मुठी. खण, निळा..."

"मोरपंखी! नीट लिहा. आणि खारीक राहिली."

हवालदार तोंडावर रुमाल धरून बसले होते. माझ्याविरुद्धचा पुरावा मीच तपासून देत होते ना!

मग पडताळणीचे प्रश्न. मुलीचं कुणाशी भांडण? नाही. कधी तोडफोड? मी म्हटलं, "केलीय. चेअरमनची कुंडी फोडली, वरवंट्याने. लिहा. खोटं बोलून मला पोरीला पोलीस करायचं नाही."

तिने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "काळजी करू नका. शेरा मुलीवर मारायचाय, तुमच्यावर नाही. तुमच्यावर असता तर विचार करावा लागला असता."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिने विचारलं, "पण काकू, एवढा हट्ट का?"

"नवस आहे ना! देवीला म्हटलं होतं, माझ्या पोरीचं काम कर, मी ओट्या भरीन."

हवालदारांचा रुमाल खाली पडला. "म्हंजे आधी काम, मंग नारल!"

पोरीने शांतपणे पेनाला टोपण लावलं. "काकू, ट्रेनिंगमध्ये आम्हाला लाचेची हीच व्याख्या शिकवली."

मी बोटांवर जुने नवस मोजायला लागले. चाळीस वर्षं देवधर्म करतेय हो मी! आणि मी काय करत होते, साक्षात महालक्ष्मीला...?

माझा हिशेब चालूच असताना ती म्हणाली, "भरलेली ओटी परत घेत नाहीत ना? ठीक आहे. पदर पुढे करा."

आणि मी केला! सवय हो! कुणी ओटी भरायला उभं राहिलं की पदर आपोआप पुढे होतो. तिने नारळ, गहू, खण, खारीक, रुपया, सगळं माझ्याच पदरात घातलं, वर नमस्कार केला. माझाच नारळ, माझ्याच ओटीत, पाच जणींच्या साक्षीने.

पाच कशा म्हणता? सुमनवहिनींची जाऊ. ती बिचारी मागोमाग चौकीतच आली होती. तिची ओटी तिथेच त्याच नारळाने भरून टाकली. नवस पुरा!

शेरा चांगला आला. मनाली आता ट्रेनिंगला आहे. मी तिला एवढंच सांगितलं, त्या पोरीसारखी हो. समोर आई असली तरी नारळ परत कर.

माफी मी अजून मागितलेली नाही, मागणारही नाही. ओटी ती ओटीच. गुरुवारही धरणार. फक्त यंदा देवीला सांगून टाकलंय, "आई, काही काम नाही. सहज बोलावतेय." तुम्हीही एक वर्ष असं करून बघा ना. देवीकडे काहीही न मागता तिची ओटी भरा.

आणि दारात बाई आली की कुंकवाच्या आधी तेवढं ओळखपत्र बघा.