खालचे पाच कळप

मेंढ्यांच्या प्रयोगशाळेतल्या रक्तवालीचं वरच्या वस्तीत कुणीतरी आहे, अशी कुजबुज होती. सुट्टीच्या दिवशी बाई थर्मास घेऊन डोंगर चढते आणि केसांत गवत घेऊन उतरते. ही बातमी तिच्या नणंदेकडून निघालेली, म्हणजे पक्की. नणंदेकडे कच्चा माल कधी नसेच.

रक्तवालीचं काम मेंढीच्या मानेतून रक्त काढून नळ्या भरण्याचं. मेंढ्या मांडीत दाबून दाबून कंबर गेली; अंगाचा वास तेवढा टिकून राहिला.

एक दिवस साहेबांनी तिला बोलावलं. "बाई, आपल्या काळतोंड्या मेंढ्या संपल्या म्हणायच्या."

"संपल्या कशा? सकाळीच रस्ता अडवून बसल्या होत्या."

"दिसायला आहेत हो. पण सगळ्यांचं रक्त एकाच वळणाचं आलंय, वेगळेपण उरलंच नाही. अशी जात जतन करून काय उपयोग? बाहेरचे नर आणून संकर करू. महिनाअखेर तसं वर कळवतो."

ती खुर्चीवर येऊन बसली आणि नमुन्यांची वही उघडली. नमुने तिनंच आणले होते. पाच वेगळे कळप घ्यायचे, दोन खालचे, तीन वरचे, असं ठरलेलं. पण त्या दिवशी गुडघे ऐकेनात, म्हणून पाचही खालच्या वस्तीतूनच उरकले, गाडी दारात उभी करून. खालच्यांची रीत तिला माहीत होती, पण दमलेल्या डोक्याला आठवली नाही: तिथं एकच एडका दारोदार उसना फिरतो. दारं पाच, बाप एक. एका घरची भावंडं ओळीत उभी करून सगळा गाव एकाच नाकाचा आहे म्हणावं, तसा प्रकार.

आता तिच्या आळसापायी अख्खी जात बाद होणार होती. मग काय, दर सुट्टीला निघाली डोंगरावर, नळ्यांसाठी थर्मासात बर्फ घालून.

वरचा धनगर विधुर, त्यामुळे नणंदेची सोय झाली. तो म्हणाला, "पुन्हा आलात? गोड लागतं का आमच्या मेंढ्यांचं रक्त?"

"तुमचा एडका कुठला?"

"पलीकडच्या खोऱ्यातला. खालच्यांचा आम्ही दारात उभा करत नाही. आज्यापासूनचं भांडण आहे."

"मिटवू नका," ती म्हणाली आणि पुढच्या मेंढीची मान धरली.

घरी नवरा म्हणाला, "लोक काय बोलतात, ऐकलंस?"

"ऐकलं. पाय चेपा जरा, मग तुम्हीही बोला."

महिना सरायच्या आत तिनं नव्या नळ्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. "आधीच्या चुकल्या. सगळ्या एकाच बापाच्या होत्या."

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"नुसतं सांगून नळ्या भरल्या नसत्या, साहेब."

नव्या रक्तात वेगळेपण भरपूर निघालं. काळतोंड्या जतनात राहिल्या, तिला ठपका मिळाला. नणंदेनं मात्र बातमी मागे घेतली नाही.

वरच्या वस्तीत तिचं कुणीच नव्हतं. पहिल्या वेळी दमून तिनं चढण टाळली होती, ती नंतर चढली.