अक्कांचं चुकलेलं गुणोत्तर

फळ्यावर कुठलंही सूत्र लिहिलं की शिवलीलाअक्का त्याच्याखाली आडवी रेघ ओढायच्या आणि वर्गाला विचारायच्या, "हे कुठवर खरं?" कलबुर्गीच्या आमच्या कॉलेजात त्या पदार्थविज्ञान शिकवत. मूळच्या दुबलगुंडीच्या. घरी कन्नड, वर्गात इंग्रजी आणि माझ्यासारखी कमलनगरची कुणी भेटली की मराठी. मॅडम म्हटलेलं त्यांना आवडत नसे.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. विषय सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांचा. त्यात परकी द्रव्यं मिसळली की वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन वाढतात. विजेच्या ओढीनं ते किती सहज सरकतात, ती त्यांची गतिशीलता. दाटीकडून विरळ जागेकडे आपसूक पसरतात, ते विसरण. मिसळ थोडी असेल तर या दोहोंचं गुणोत्तर केवळ तापमानावर ठरतं. एक मोजलं की दुसरं हिशेबानं मिळतं. माझे नमुने मात्र भरपूर मिसळीचे होते. मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या, तर विसरण हिशेबापेक्षा कितीतरी जास्त आलं. उपकरण तपासलं, नमुने बदलले, तरी तेच.

अडचण अशी की अक्कांनी तरुणपणी लिहिलेल्या शोधनिबंधात अशाच भरपूर मिसळीच्या नमुन्यांना थोड्या मिसळीचं ते नेहमीचं गुणोत्तर लावलेलं होतं, आणि त्याच निबंधानं त्यांचं नाव झालं होतं. भीतभीतच मी आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आलेखाच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"खालच्या ऊर्जेच्या जागा आधीच भरल्यात बघ," त्या म्हणाल्या. "एका जागी दुसरा इलेक्ट्रॉन बसू शकत न्हाई. नवा आलेला वरच्याच जागेवर जायलाय. म्हणून दाटीचा रेटा वाढतो, अन् गुणोत्तर वर चढतंय." आणि लगेच, "माझं चुकलंय की गं."

तुमच्या निबंधाचा उल्लेख टाळता येईल, असं मी सुचवलं.

"कामून टाळायलीस? पहिल्याच प्रकरणात लिही, माझं नाव घालून. न्हाईतर पुढच्या पोरी तेच उचलतील."

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच परिच्छेद काढला. मार्गदर्शकाचीच चूक दाखवताना संकोच नाही वाटला का, असं त्यांनी मला विचारलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून अक्का उठल्या, फळ्याशी गेल्या आणि आपण कुठं घसरलो ते सगळ्या विभागाला समजावून सांगू लागल्या. आवाजात ना खंत, ना ताठा. नव्या घराच्या खोल्या दाखवाव्यात तसा उत्साह होता. परीक्षकही मग प्रश्न विचारायचे सोडून ऐकत बसले.

त्या वर्षीच त्या निवृत्त होऊन दुबलगुंडीला राहायला गेल्या. परवा मी भेटायला गेले, तर ओसरीवर बसून एका नव्या पदार्थाचं गणित मांडत होत्या. चेहरा प्रसन्न. स्वयंपाकघरातून भाकरीचा वास येत होता. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, "बघ जरा. चूक निघाली तर जेवायच्या आधीच सांग. मंग निवांत जेवता येतंय."