खरं नाव लिहिलेली डिस्क

माझ्या दुकानात शनिवारी दुपारी येणाऱ्या माणसांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. निप्पोनबाशीच्या मागच्या गल्लीत, जिथे ओसाकातली मोडकी यंत्रं शेवटच्या मुक्कामाला येतात, तिथे माझं दुकान. दारात निळे क्रेट, त्यांत छोट्या चौकोनी डिस्कवर आवाज भरणारे जुने मिनीडिस्क प्लेअर, हेडफोन, गुंतलेल्या वायरी. क्रेटवर एकच पाटी : ‘जंक’. या एका शब्दात आमचा सगळा करार येतो. चाललं तर तुमचं नशीब, नाही चाललं तर तक्रार ऐकणार नाही, परत घेणार नाही. तरी लोक हातचलाखी करतातच. चांगली बॅटरी काढून मेलेली घालतात, एकाचं झाकण दुसऱ्याला लावतात. म्हणून मी गल्ल्यावर बसून हात पाहतो. चेहरे मला आठवत नाहीत, हात आठवतात.

किनुए ओरितो यांचे हात मला पहिल्याच दिवशी खटकले. बाई सत्तरीच्या, बुटक्या, पिशवी छातीशी धरलेली. एकेक प्लेअर उचलायचा, बॅटरीचा कप्पा उघडायचा आणि बॅटरी आत गळलीय का म्हणून चक्क वास घ्यायचा. मग स्वतःची बॅटरी घालायची, स्वतःची डिस्क घालायची, यंत्र कानाला लावून आतली मोटर ऐकायची. डिस्कवर होतं नव्हतं ते पुसायचं, मग रेकॉर्डचं बटण दाबून हळूच ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि तेच पुन्हा ऐकायचं.

“ताई, जंकमध्ये इतकं तपासत बसायचं नसतं,” मी म्हटलं.

“का? काही सापडेल म्हणून भीती वाटते का, दादा?”

“मला कसली भीती?”

“तुमचं काय सांगावं. चांगले भाग आधी काढून घेत असाल, मग उरलेलं क्रेटमध्ये.”

ते खरं होतं. त्यांनी एक प्लेअर घेतला, भाव पाडून घेतला, आणि पिशवीत बांधून देताना मी तोच देतोय ना हे वाकून पाहिलं. ओसाकात या वयाची बाई पिशवीतून एखादी चघळायची गोड गोळी काढून हातावर ठेवल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नाही. किनुएबाईंच्या पिशवीत गोळ्या होत्या, मला दिसल्या. मला दिली नाही.

पुढे त्या येतच राहिल्या. जुने प्लेअर मरत होते आणि त्यांना कायम एक चालू हवा होता. का, ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

किनुएबाईंनी उभं आयुष्य तेन्नोजी स्टेशनच्या मागे एका ड्रायक्लीनरच्या काउंटरवर काढलं. कपडे घ्यायचे, कपडे द्यायचे. या कामात माणूस संशयी झाला नाही तर त्याचं दिवाळं वाजतं. घरी गेल्यावर गिऱ्हाइकाला आठवतं की कोटाच्या खिशात घड्याळ होतं. म्हणून बाई कपडा हातात घेण्याआधीच डाग, तुटलेलं बटण, उसवलेली शिवण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर बोट ठेवून दाखवायच्या. संध्याकाळी काउंटर बंद झाला की शामिसेन हे तीन तारांचं वाद्य शिकायला गुरुबाईंकडे. त्या काळात तालमीला येणाऱ्या सगळ्या बायकांच्या गुडघ्यापाशी एकेक मिनीडिस्कचं यंत्र असायचं. गुरुबाई गायच्या, रागवायच्या, खोकायच्या, सगळं त्यात भरलं जायचं, आणि आठवडाभर तेच ऐकत रियाज चालायचा.

एक गाणं मात्र गुरुबाईंच्या घराण्याचं खास होतं. त्यातला मधला वाजवण्याचा भाग कुठेच लिहिलेला नव्हता, समोरासमोर बसूनच शिकवायचा. आयुष्याच्या शेवटच्या हिवाळ्यात गुरुबाईंनी तो किनुएबाईंना शिकवला. ती तालीम एका डिस्कवर होती. दुसरी प्रत बाईंनी काढली नाही. दोन प्रती म्हणजे चोरीला जायच्या दोन वस्तू, असा त्यांचा हिशोब.

चोर कोण, हेही ठरलेलं होतं. मिसुझु हातानो, त्याच गुरुबाईंची दुसरी शिष्या. मिसुझु घरी यायची, फडताळासमोर उभी राहून डिस्कवरची नावं वाचायची. म्हणून किनुएबाईंनी खऱ्या डिस्कवर ‘रेडिओ व्यायाम’, रोज सकाळी रेडिओवर लागतो तो, असं लिहून ठेवलं. सुबक अक्षरात ‘गुरुबाईंची तालीम’ लिहिलेली होती ती डिस्क रिकामी, माझ्या दुकानात प्लेअर तपासायला आणायच्या ती. मिनीडिस्कच्या कडेला एक बारीक खिटी असते. ती सरकवली की डिस्कवरचं काही पुसता येत नाही, वर काही भरता येत नाही. बाईंनी तीसुद्धा सरकवली नव्हती. व्यायामाच्या डिस्कची एवढी काळजी कोण घेतं? खिटी पाहूनच मिसुझुला कळलं असतं.

तर त्या शरद ऋतूत गुरुबाईंना जाऊन सात वर्षं होत होती आणि स्मृतिदिनाच्या मैफलीत ते गाणं किनुएबाईंनी वाजवायचं होतं. महिनाभर आधी मिसुझु पर्सिमॉनची फळं घेऊन घरी आली आणि फडताळाकडे बोट दाखवून म्हणाली, “किनुएसान, हे रेडिओ व्यायामाचं मला दे ना जरा. कंबर धरलीये.”

बाईंना वाटलं, हिला कळलं. काहीतरी सबब सांगून त्यांनी तिला वाटेला लावलं आणि त्याच दुपारी दोन्ही डिस्कवरची लेबलं सोलून अदलाबदल केली. सात वर्षांत पहिल्यांदा खऱ्या डिस्कवर खरं नाव आलं.

शनिवारी त्या माझ्याकडे आल्या. घरचा प्लेअर बंद पडला होता. त्यांनी क्रेटमधून एक निवडला, वास घेतला, बॅटरी घातली, आणि सवयीने पिशवीतून ‘गुरुबाईंची तालीम’ काढून आत सरकवली. मी हात पाहत होतो. खरं सांगायचं तर, माझी बॅटरी लंपास करतात का हे पाहत होतो. प्लेअरच्या छोट्या पडद्यावर तासाच्या वरचा आकडा आला. नेहमी तिथे काही सेकंद असायचे. बाईंनी पडद्याकडे न पाहता पुसण्याचं बटण दाबलं, यंत्राने नक्की का विचारलं, त्यांनी पुन्हा दाबलं. डिस्क गरगरली आणि पडद्यावर आलं : रिकामी. बाईंचा अंगठा रेकॉर्डवर गेला.

“ताई, थांबा. हात काढा.”

“का?”

“आत्ता पुसलंत ते एक-दोन-तीन नव्हतं. मोठं काहीतरी होतं.”

त्यांनी डिस्क बाहेर काढली, लेबल वाचलं. पिशवी उपसली, मग माझ्याकडे पाहिलं.

“तुमच्या यंत्राने खाल्लं.”

“बटण तुम्ही दाबलंत.”

“मिसुझुने तुम्हाला काही दिलंय का?”

“कोण मिसुझु?”

बाई स्टुलावर बसल्या आणि तेव्हा मला ही सगळी हकिगत कळली, तीही सरळ नाही. अर्धी मला दरडावत, अर्धी स्वतःला शिव्या देत. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी रागाने पुसलं. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी वाटलं, बरी खोड मोडली.

मग मी त्यांना सांगितलं की पुसलं म्हणजे गेलं असं नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पानं जागेवर असतात. मिनीडिस्कचंही तसंच. वर दुसरं काही भरलं नाही तोवर आतला आवाज असतो, फक्त यंत्राला तो कुठे आहे हे माहीत नसतं. अशी कामं अधूनमधून येतात, म्हणून नुसती शांतता काठोकाठ भरलेल्या दोन डिस्क, एक मोनो आणि एक स्टिरिओ, मी तयार ठेवतो. सगळी डिस्क भरलेली आहे असं सांगणारी त्यांतल्या एकीची अनुक्रमणिका तुमच्या डिस्कवर चढवायची, एवढंच.

“तालीम मोनोत भरली होती की स्टिरिओत?”

“तुम्हाला कशाला हवंय?”

“चुकलं तर नीट ऐकू येणार नाही.”

“मोनो,” त्या म्हणाल्या, कुणाचं तरी गुपित फोडल्यासारख्या. “डिस्क ठेवून जाणार नाही मी.”

“नका जाऊ.”

पिशवीतून लाल नखरंग काढून त्यांनी डिस्कच्या कोपऱ्यावर ठिपका दिला, मी बदलू नये म्हणून. मी आतल्या टेबलावरच्या मोठ्या मिनीडिस्क यंत्राचं, डेकचं, झाकण काढलं. बाई माझ्या खांद्याला खेटून उभ्या राहिल्या.

“आता हे यंत्रही तुमच्यासारखंच आहे,” मी म्हटलं. “डिस्क बदलली की लगेच ओळखतं. म्हणून दार बंदच आहे असं त्याला भासवायचं आणि आतल्या आत बदलायची.”

“म्हणजे फसवायचं?”

“हो.”

“इतक्या सहज फसतं?” असं म्हणून त्या पहिल्यांदा हसल्या, आणि मला म्हणाल्या, “तुमच्याकडून पुन्हा काही घेताना दहादा विचार करायला हवा.”

मी शांततेची डिस्क घातली, तिच्या नावात एक अक्षर बदललं, म्हणजे डिस्क बाहेर सोडण्याआधी यंत्राला नवी अनुक्रमणिका लिहावीच लागते. मग दाराची कळ बोटाने दाबून धरली, चिमट्याने डिस्क बदलली. लाल ठिपका आत गेला. डेकने लिहायला घेतलं. त्या वेळात बाईंनी माझी बाही धरली होती, सोडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

हेडफोन एकच होता. एक कान त्यांना, एक मला. आधी खोकला आला, मग तारा जुळवल्याचा आवाज, मग म्हाताऱ्या बाईचा खणखणीत सूर, “किनुए, घाई कसली? गाडी सुटतेय का तुझी?” बाईंनी डोळे मिटून घेतले.

“शेवटही तपासायला हवा,” मी म्हटलं.

“नको,” त्या म्हणाल्या, पण माझा हात तोवर पुढे गेला होता. वाजवणं संपलेलं होतं आणि गुरुबाई बोलत होत्या. “हे आता मिसुझुला शिकव. तुझ्याकडे चिकाटी आहे, हात तिच्याकडे आहे. तुझ्यापाशी ठेवशील तर तुझ्याबरोबर जाईल.”

बाईंनी हेडफोन ओढून काढला.

“काय ऐकलंत?”

“शामिसेन.”

“तेव्हा शामिसेन वाजत नव्हतं.”

“मग काहीच नाही ऐकलं.”

त्या डिस्क डबीत घालायला लागल्या तेव्हा मी पुन्हा हात पाहिले. डाव्या हाताची दोन बोटं सुजलेली, वळतच नव्हती. डबीचं झाकण लावायला त्यांना तीनदा धडपडावं लागलं. मैफलीत ही बोटं तारेवर कशी धावणार होती? गाणं त्यांना येत होतं पण वाजवता येत नव्हतं. जिला वाजवता येत होतं तिला त्या देणार नव्हत्या. मला फार राग आला. इतक्या कष्टाने काढलेला आवाज ही बाई पुन्हा फडताळात पुरणार, व्यायामाच्या नावाखाली. मी तोंडाने फक्त “या पुन्हा” म्हटलं.

पुढच्या शनिवारी त्या आल्या त्या दोघी. दुसरी उंच, मोकळीढाकळी, हसरी. दुकानात शिरताच तिने माझ्या हातावर गोळी ठेवली.

“खाऊ नका, जुनी असते तिच्याकडची,” किनुएबाई म्हणाल्या. “ही मिसुझु. हिला एक चालू प्लेअर हवा, एक कोरी डिस्क हवी, आणि माझी हिच्यात उतरवायची.”

“हे दादा भरवशाचे आहेत ना?” मिसुझुने विचारलं.

“अजिबात नाहीत. यंत्रालासुद्धा फसवतात. हातांवर लक्ष ठेव.”

मी वायर जोडली, दोन स्टुलं दिली, छोटा स्पीकर लावला. तालीम जितकी लांब तितकाच वेळ प्रत काढायला लागतो, घाई करता येत नाही. गुरुबाई रागवायला लागल्या तशी मिसुझु गुडघ्यावर बोटं चालवू लागली. मधला भाग आला. तिची बोटं आधी चाचपडत होती, मग सुरात आली. किनुएबाई तिच्या बोटांकडे बघत होत्या, जशा पूर्वी कोटावरच्या डागाकडे बघत असतील. एकदा त्या म्हणाल्या, “तिथे नाही, अर्धा श्वास थांबायचं.” मिसुझु थांबली.

वाजवणं संपत आलं. पुढे काय आहे ते मला माहीत होतं. मी सहज उठल्यासारखं करून यंत्रापाशी गेलो आणि बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं. आत्ता दाबलं असतं तर गाणं पूर्ण मिळालं असतं आणि मिसुझुला जन्मात काही कळलं नसतं. मी किनुएबाईंकडे पाहिलं.

“दादा, हात काढा तिथून,” त्या म्हणाल्या.

मी काढला. गुरुबाई बोलल्या, खोकल्या आणि थांबल्या. मिसुझुच्या तोंडातली गोळी एका गालात तशीच राहिली.

“सात वर्षं?” तिने विचारलं.

“सात वर्षं.”

“मी दर नववर्षाला तुझ्याकडे आले. दर वेळी विचारलं, गुरुबाई माझ्यासाठी काही बोलल्या होत्या का.”

मिसुझुने तोंड फिरवलं आणि मला विचारलं, “दादा, तुम्ही सांगा. सगळं आलंय ना यात? हिने आधी काही काढून तर नाही टाकलं?”

“सगळं आलंय, ताई. अनुक्रमणिका लिहून होईपर्यंत डिस्क काढू नका.”

डिस्क गरगरत राहिली, मग थांबली. मिसुझुचा हात पुढे गेला तेवढ्यात किनुएबाईंनी ती आधी उचलली. त्या सुजलेल्या बोटांनी कडेची खिटी सरकवायला त्यांना बराच वेळ लागला, पण त्यांनी कोणाला मदत करू दिली नाही. ती डिस्क त्यांनी मिसुझुच्या मांडीवर ठेवली. मग लाल ठिपक्याची स्वतःची काढली आणि तिचीही खिटी सरकवली.