‘जाते’ म्हणायचं

कुंदा गेल्याचा फोन शुक्रवारी सकाळी आला, तेव्हा मी शाळेत खिचडीच्या तांदळाची पोती उतरवून घेत होते. तिच्या भाच्याने दोन वाक्यांत सांगितलं. मी पोत्यांच्या पावतीवर सही केली आणि अकोल्याला निघाले. याला आता सहा आठवडे झाले.

त्याआधीच्या रविवारी मी तिथल्या दवाखान्यात तिला भेटले होते. निघताना सवयीने म्हणाले, “येते गं.” ती नाकातल्या नळीसकट हसली. “येते का जाते? नीट सांग.”

“जाते. गुरुवारी येते.”

“पक्कं?”

“पक्कं.”

गुरुवारी शाळा तपासायला केंद्रप्रमुख येणार असल्याचा निरोप आला आणि मी गेले नाही. फोनही केला नाही. वाटलं, शनिवारी जाऊच. भाचा नंतर म्हणाला, गुरुवारी मावशीने दुपारपासून खुर्ची पलंगाजवळ ओढून ठेवायला लावली होती...

हे मला इतकं का लागलं, ते सांगायला हवं. आमची शाळा शेलूबाजारला, रस्त्याला लागून, पहिली ते चौथी. मी मुख्याध्यापिका. कुंदाने माझ्याबरोबर बरीच वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. मग एक प्रशिक्षण करून आली आणि खेळाचं सामान ठेवायच्या खोलीवर ‘समुपदेशक’ अशी पाटी लागली. तो शब्द गावात कुणाच्या तोंडी बसला नाही. लोक तिला ‘समजूतवाल्या बाई’ म्हणू लागले. ती म्हणाली, “हे बरं आहे. मले तरी समजते.”

जून संपताना पहिलीची मुलं येतात आणि फाटकापाशी रडारड सुरू होते. माझी रीत ठरलेली होती. आईला खुणेने सांगायचं, गुपचूप निघ, मी बघते. पोर पंधरा मिनिटांत गप्प होतं. मला वाटायचं, जमलं. कुंदा म्हणायची, “रडणं थांबलं नाही वं, मागणं थांबलं.” तिचा नियम एकच होता. लेकराला सांगून जायचं, आणि ‘येते’ म्हणून जायचं नाही. आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. पण सहा वर्षांच्या पोराला हे कुठे ठाऊक? आई ‘येते’ म्हणाली म्हणजे ती येणार, म्हणून ते दारातच उभं राहतं.

एका आजीने यावरून भांडणच केलं. “जातो कायले म्हणू वं बाई? अशुभ बोलाले लावतं!”

“आजी, तुमी येतो म्हणता अन् जाता. लेकरू तुमची वाट पाहून राह्यलं.”

“मंग जाऊन येतो म्हणतो.”

“म्हणा. पण कवा येता, तेबी सांगा.”

“मले घड्याळ समजत नाई.”

“नातीलेबी नाई समजत. खिचडी खाल्ल्यावर येतो म्हणा. अन् खिचडी खाल्ल्यावर या! नाई तर मी तुमाले घ्याले घरी येईन.”

आजी आली. ताटं धुऊन व्हायच्या आत फाटकाशी हजर. नियम मोडणाऱ्यांना कुंदा खरंच घरी जाऊन बोलायची. आम्ही दोघी मंगरूळपीरहून एका स्कूटीवर यायचो, आणि तिच्या या फेऱ्यांमुळे मला कित्येकदा घरी जायला उशीर झाला. मी कुरकुरायचे. आता मागच्या सीटवर डबा आणि रजिस्टरं ठेवते.

या वर्षी पहिलीत अल्फिया आली. बापाचं सीटकव्हर शिवायचं दुकान आहे. तीन आठवडे तिने वर्गात तोंड उघडलं नाही. कुंदा खिचडीनंतर तिला आपल्या खोलीत घेऊन नुसती बसायची. जुलैच्या शेवटी अल्फिया बोलायला लागली, इतकी की वर्गशिक्षिका पायल तक्रार करू लागली. मग कुंदा आजारी पडली. पायलने मुलांना सांगितलं, बाई गावाला गेल्या, येतील. कुंदा वारल्यावरही आम्ही कुणी ते वाक्य बदललं नाही. मीही नाही. लहान आहेत, विसरतील, असं धरून चालले. अल्फिया रोज खिचडीनंतर कुंदाच्या खोलीच्या बंद दाराशी जाऊन उभी राहायची. एक दिवस पायल म्हणाली, “मॅडम, ती परत बोलेनाशी झाली.”

कुंदाने मिळवलेलं माझ्या डोळ्यांदेखत जात होतं. मी कुलूप काढलं, अल्फियाला आत घेतलं आणि खुर्चीवर बसले.

“अल्फिया, बाई आता येणार नाहीत. बाई वारल्या.”

तिने माझ्याकडे बघितलं. “आमची दादी वारली, तशा?”

“तशाच.”

“मंग पायल मॅडम कायले म्हणते येतीन?”

“आम्ही खोटं बोललो. मीपण.”

“तुमाले सांगून गेल्या का बाई?”

“नाही... मी भेटायला येते म्हणाले होते. गेलेच नाही.”

हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. भाच्यालासुद्धा नाही.

“कायले नाई गेल्या?”

“काम होतं.”

“असं करते का?”

“नाही करत,” मी म्हटलं.

तिने माझ्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाली, “मोठ्या बाई, बाई अशा खुर्चीवर नाई बसत. खाली बसत.”

मी खाली बसले. गुडघे दुखले. ती शेजारी बसली. पुढे काय करायचं ते मला सुचेना. कुंदाला सुचलं असतं... मधली सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत आम्ही तशाच बसलो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन सगळ्या मुलांना बाई वारल्याचं सांगितलं, आणि रोज खिचडीनंतर मी त्या खोलीत असेन असंही. आता खिचडीनंतर मी ती खोली उघडते आणि खाली बसते. अल्फिया वर्गात बोलायला लागली आहे, त्यामुळे ती रोज येत नाही. मी बसते.