फुटल्या बांगडीचा खर्च

रावेरच्या आसपासच्या गावांत बेबाबाई कासारीण आली, की बांगड्यांच्या आधी तिची जीभ किणकिणायची. नव्या सुनेपासून म्हाताऱ्या सासूपर्यंत ती कुणालाही सोडत नसे. धंद्याचा नेम मात्र कडक: हातात चढवताना बांगडी फुटली, तर नुकसान कासारणीचं. अर्थात फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं.

१९५४ साली सुनंदाच्या लग्नात या नेमाचा कस लागला. सुनंदा बापाबरोबर केळीचे घड वाहत मोठी झालेली. पंजा रुंद, मनगट बारीक. ओसरीवर हिरवा चुडा भरायला बसली आणि पहिलीच बांगडी कडकन वाढली. मग दुसरी. पुढच्या कुणी मोजायच्या? चुलत्या पदराआड हसू लागल्या. एक म्हणाली, "ढिल्या मापाच्या भर वं. गड्याचा हात तो." सुनंदाने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. हेच हात घेऊन तिला सासरी जायचं होतं, आणि ते आजच तिला नकोसे झाले.

बेबाबाईला भारी राग आला. ढिल्या बांगड्यांनी तिची टोपली वाचली असती, पण पोरीच्या मनातली सल जन्मभर राहिली असती.

"याच हातानं उचललेली केळी खाल्ली, तवा नाही हसल्या," ती चुलत्यांना म्हणाली आणि सुनंदाकडे वळली. "दे वं माय हात. टोपली रिकामी झाली त बरंच, घरी जाताना वझं नाही."

त्या घरात चुड्याचा खर्च मामाचा. मामा, भाईदास मास्तर, धुळ्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. काचांचा ढीग पाहून त्यांनी खिशात हात घातला. "अक्का, वाढलेल्यांचेही घ्या."

"माहा नेम नका मोडू, मास्तर."

मास्तर खालीच बसले; शिकवल्यावाचून त्यांना कुठलं राहवायला. "इंग्रजीत 'डिफ्रे' म्हणून क्रियापद आहे. म्हणजे खर्च भागवणं, तो आपल्या अंगावर घेणं. ते फ्रेंचांकडून आलं. काही जाणकार म्हणतात, त्याचं मूळ 'मोडलेलं, फुटलेलं' अशा अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दात आहे. आधी फुटल्या वस्तूची भरपाई, आणि पुढे कुठलाही खर्च."

बेबाबाई सुनंदाचा अंगठा दुमडत म्हणाली, "म्हन्जे त्यायच्यातही कासारनी व्हत्या."

सुनंदाला खुदकन हसू फुटलं. हसण्याच्या भरात हात सैल पडला आणि बांगडी सुळकन मनगटावर जाऊन बसली. मागोमाग बाकीच्याही बसल्या. बेबाबाईला इतका आनंद झाला की तिने त्या भरल्या हातावरून दोनदा हात फिरवला.

"पण अक्का, तुमचा खर्च कोण भागवणार?" मास्तरांनी विचारलं.

उत्तर बेबाबाईऐवजी सुनंदानेच दिलं. तिने दुसरा हात आपणहून पदराबाहेर काढला आणि साऱ्या चुलत्यांच्या देखत बेबाबाईच्या मांडीवर ठेवला.