एफ-वन दाबल्याशिवाय पुढं जात नाही

जुन्या लॅपटॉपच्या पंख्यात धूळ कधी जमली, ते कळतच नाही. किस्स्यांचं तसंच. रोज दुकानात बसा, गिऱ्हाईक बघा. एक दिवस कोणी फुंकर मारली की सगळे भसकन बाहेर!

आमचं दुकान नागपुरात, सीताबर्डीत. मी गल्ल्यावर, माझा भागीदार वासुदेव पेचकस घेऊन दुरुस्तीवर. कॉम्प्युटर आम्हा दोघांनाही कोणी शिकवला नाही. जे शिकलो ते मशीन उघडून, आणि काही मशीन मारून! नवीन लॅपटॉप लोक आता मोबाइलवरूनच मागवतात, म्हणून आमचं पोट एका बोर्डावर चालतं: ‘जुन्याच लॅपटॉपात तगडा प्रोसेसर बसवून मिळेल.’

बसवतो आम्ही झकास. पण जुनी मशीन नवा प्रोसेसर पाहून चालू होतानाच कुरकुरते, पडद्यावर वॉर्निंग टाकते, आणि गिऱ्हाईक वापस! वासुदेव वैतागला होता. "असंच चालू राहिलं ना गा, तर एक दिवस मीच बोर्ड उतरवतो. मिक्सर दुरुस्त करू!"

बोर्ड उतरला की शटर उतरलं, हे मला ठाऊक होतं.

* * *

एक रिटायर हवालदार. घरी लॅपटॉप चालू केला, पडद्यावर आलं: प्रोसेसर बदलला आहे. गडी तडक दुकानात!

"मशीन खुद्द कबूल करून राहिली, आतला माल बदलला म्हणून!"

"अहो, तुम्हीच तर बदलवायला दिला!"

"ते बरोबर आहे. पण जुना कुठं आहे?"

दिला काढून. त्यांनी तो कागदात गुंडाळला, वर चिकटपट्टी मारली आणि आम्हा दोघांच्या त्यावर सह्या घेतल्या!

* * *

हिंगण्याचा एक ठेकेदार. नेला तेव्हा लॅपटॉप फर्स्टक्लास. दुसऱ्याच दिवशी वॉर्निंग: पंखा फिरत नाही. वासुदेवनं मागचं झाकण उघडलं, तर आत तांदूळ! हळद लागलेले!

"हे काय आहे, भाऊ?"

"अक्षता. नवीन दिमाग बसवला ना त्याले, म्हणून बायकोनं पूजा केली."

मी कपाळावर हात मारला. "नशीब, नारळ नाही फोडला!"

"फोडला ना गा," तो शांतपणे म्हणाला. "पाणी थोडंसंच शिंपडलं."

* * *

भिवापूरचे एक मिरचीवाले. त्यांच्या मशीनवर वॉर्निंग होती की मागच्या खेपेला ती तापून बंद पडली. वासुदेव म्हणाला, धूळ असेल. ब्लोअर लावला. धूळ कसली! लाल धुराळा उठला. वासुदेव खाली बसला, मी रस्त्यावर पळालो, शेजारच्या कापड दुकानातल्या बाया शिंकत शिंकत बाहेर आल्या!

मिरचीवाले एकटेच आत उभे. मिशीवर हात फिरवून म्हणाले, "पाहून घ्या! असा माल कुठं भेटते काय?"

डोळे पुसत पुसत त्याच बायांनी मिरचीवाल्यांचा नंबर घेतला. दुकान माझं, ब्लोअर माझा, ठसका माझा, धंदा त्यांचा!

* * *

पण वासुदेवचं डोकं फिरवलं ते कूलरवाल्यानं.

मे महिना, नागपूरचं ऊन. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, चालू करताना गरमीची वॉर्निंग येते. मी सहज म्हटलं, "थंड जागेत ठेवत जा." दुसऱ्या दिवशी तो आला, लॅपटॉपमधून पाणी ठिबकत होतं!

"हे काय केलं गा?"

"तुम्हीच तर म्हटलं थंड जागेत. कूलरमध्ये ठेवला."

"अरे, कूलरसमोर ठेवायचा!"

"समोर कसा ठेवणार? तिथं बाबा झोपून राहिले होते ना!"

वासुदेवनं मागचं स्टूल ओढलं, दारात ठेवलं आणि वर चढून बोर्डाचा पहिला स्क्रू काढला.

"थांब गा!" मी ओरडलो. पण तेवढ्यात कोण आलं ते सांगायच्या आधी मागचं थोडं सांगतो.

* * *

हुडकेश्वरचे मेश्राम सर, रिटायर मास्तर. त्यांनीही आमच्याकडे प्रोसेसर बदलवला होता. तेव्हापासून रोज वॉर्निंग: चार्जर कमी ताकदीचा आहे, एफ-वन दाबा, मग पुढं चला. बाकी मशीन पळायची. पण सर ते बटन दाबायला भ्यायचे. रोज सकाळी हाक: "अवं, इकडे ये! दाब!"

एक दिवस काकूच दुकानात आल्या, तापलेल्या. "मी पोळ्या लाटून राहिली का यायचं बोलावणं येते! कणकीचे हात धुवा, जा, दाबा. मग हे म्हणते, बस जराशी, पेपरात काय आलं ते ऐक. तिकडे तवा जळते माझा! बंद करून द्या भाऊ हे!"

मी मोठा चार्जर दिला, जुना ड्रॉवरमध्ये टाकला. वॉर्निंग गायब! काकू खूश होऊन गेल्या.

तर वासुदेव स्टुलावर, आणि समोरून मेश्राम सर!

"मेलो!" वासुदेव वरूनच म्हणाला. "सर, वॉर्निंग वापस आली काय?"

"नाही ना," सर म्हणाले. चेहरा उतरलेला. "अजिबातच येत नाही."

मग मागं वळून पाहिलं आणि हळूच विचारलं, "तो माझा जुना चार्जर आहे काय?"

मी थक्क! सारं नागपूर वॉर्निंग घालवायला येतं, हा माणूस मागायला आला! ड्रॉवर उघडून चार्जर दिला. सरांनी तो पिशवीत मेथीच्या जुडीखाली दडवला. "घरी सांगू नका बरं!"

वासुदेव वरून सगळं पाहत होता. ते गेले, तसा त्यानं काढलेला स्क्रू परत बसवला आणि गच्च आवळला.

दुपारी काकू आल्या. या खेपेला एकदम शांत. बसल्या, पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं.

"भाऊ, आमचा जुना चार्जर ठेवला असंन ना तुमच्यापाशी? देऊन द्या."

मी रिकाम्या ड्रॉवरकडं पाहिलं. वासुदेवनं माझ्याकडं.

"आणि सरांले सांगू नका!"