ठकूबाईने काढलेली करणी

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. नंतर सांगताना मध्ये हसलात, तर माझा धागा तुटतो. आणि सासूबाईंसमोर तर या गोष्टीचं नावसुद्धा काढायचं नाही. त्यांना अजून हसू येत नाही.

मी मॅट्रिक झाले, लग्न झालं, छबू झाली, आणि मग मला कॉलेजात जायची हुक्की आली. असा उलटा क्रम दुसऱ्या कुणाचा ऐकलाय? ह्यांनी हो म्हटलं. हे इगतपुरीला रेल्वेत, घरी येणार रविवारी, त्यामुळे ह्यांना हो म्हणायला काय जातंय! प्रश्न होता दहा महिन्यांच्या छबूचा. ती कुणाजवळ राहणार? सासूबाईंजवळ. आणि सासूबाईंनी अट घातली.

"सहामाहीपर्यंत सांभाळीन. त्या गणितात पास झालीस तर पुढेही सांभाळीन. नाहीतर पाळण्याची दोरी आणि तू!"

गणितच का? तर ह्यांनीच एकदा सांगून ठेवलं होतं, की बाकीचं जमेल तिला, पहिल्या वर्षाचं बीजगणित मात्र भल्याभल्यांना रडवतं.

आणखी एक अट होती. घरात इंग्रजी शब्द उच्चारायचा नाही. का? छबूची जीभ आत्ता कुठे वळायला लागली होती, ती इंग्रजीने वाकडी होईल म्हणून. आता कॉलेजात सगळं शिकवणं इंग्रजीत. मग मी युक्ती काढली. माझे वडील शाळामास्तर, त्यांचं जुनं मराठी बीजगणित माहेराहून आणलं आणि पाळण्याशेजारी बसून त्यातलं पाठ करू लागले. इथेच घोटाळ्याची पायाभरणी झाली बघा.

कारण प्रोफेसर इंग्रजीत ज्याला 'सर्ड' म्हणतात, म्हणजे ज्या संख्येचं मूळ नेमकं निघत नाही ती, तिला आमच्या वडिलांच्या पुस्तकात म्हणतात 'करणी'.

हो, करणी! लिंबू-मिरचीवाली नव्हे, गणितातली. पण हे मला माहीत. सासूबाईंना कुठून असणार?

तीन आठवडे ही करणी माझ्या डोक्यात शिरेना. अपूर्णांकाच्या खाली, छेदात, ती बसलेली असायची आणि तिला तिथून काढायचं असायचं. प्रोफेसर फळ्यावर दोन ओळी लिहायचे, करणी गायब! मी घरी बसले की ती जागची हलायची नाही. तशात छबूचे दात येत होते, ती दिवसभर किरकिरायची. मी एका हाताने झोका देत होते आणि पुटपुटत होते. ताटावर बसले तर घास हातातच.

एका सकाळी सासूबाईंनी विचारलं, "काय होतंय गं तुला? चार दिवस बघतेय मी."

"करणी हो, सासूबाई."

त्यांच्या हातातली पळी आमटीतच राहिली. "करणी?"

"हो ना! काही केल्या सुटत नाही. मूळच सापडत नाही तिचं."

त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, वारा येतोय.

"कधी कळलं तुला?"

"गेल्या महिन्यातच. पण आधीपासूनच असणार, मला उशिरा कळलं."

"माझ्या मुलाला सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं? त्यांना स्वतःलाच भोवली होती ती. म्हणाले, दोन वर्षं गेली माझी हिच्यापायी."

"म्हणून!" सासूबाई मटकन पाटावर बसल्या. "म्हणून तो मॅट्रिकला दोनदा बसला! आणि मी उगाच त्याला आळशी म्हणत राहिले!"

मला भरून आलं हो. किती ही समज! कोणत्या सुनेची सासू बीजगणिताचा इतका विचार करते? त्यांनी माझा हात हातात घेतला. "घाबरू नकोस. कुणाजवळ बोलू नकोस. आपली ठकूबाई करणी काढते. अगदी मुळापासून."

ठकूबाई म्हणजे आमची सुईण, छबूच्या वेळची. गंगेपलीकडे, पंचवटीत राहते. तुम्ही म्हणाल, सुईणीला बीजगणित येतं असं तुला वाटलंच कसं? वाटलं खरं! तिचा नवरा एका पंचांगवाल्या शास्त्रीबुवांकडे पाणी भरायला होता. म्हटलं, ग्रहांची गणितं ऐकून ऐकून आलं असेल थोडंफार. शिवाय मी मॅट्रिक, तरी मला येत नाही, यावरून शिक्षणाचा आणि गणित येण्याचा काही संबंध नाही हे सिद्धच होत होतं.

शनिवारी आम्ही तिघी निघालो. सासूबाईंच्या कडेवर छबू, माझ्या काखेत वडिलांचं पुस्तक.

ठकूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. सासूबाई तिच्या कानात काहीतरी कुजबुजल्या. तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला समोर बसवलं.

"कुनी केली करनी?"

मला वाटलं, विचारतेय की कुणी घातलीत ही उदाहरणं.

"प्रोफेसरांनी."

"बाप्या मानूस?"

"हो. पगडी, कोट, चष्मा."

"कवा करत्यात?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी अकराला."

"भर उजेडात?" ठकूबाईने सासूबाईंकडे पाहिलं. "लय धीट हाय. आन् कशानं?"

"खडूने. काळ्या फळ्यावर."

"येकल्या तुमच्यावर?"

"छे! साठजण आहोत आम्ही वर्गात. बायका तिघीच."

"साठ!" ठकूबाईने कानाला हात लावला. "आन् तुम्ही आपल्या पायानं जाता तितं?"

"जातो की. फी भरून."

सासूबाईंच्या तोंडून "रामा!" एवढंच निघालं. मला वाटलं, त्यांना फी आठवली.

"मूळ गावलं का कसलं?" ठकूबाईचा पुढचा प्रश्न.

काय नेमकी बाई! अगदी प्रोफेसरांसारखी मुद्द्याला आली. मी उत्साहाने सांगितलं, "चाराचं सापडतं. नवाचंही सापडतं. दोनाचं मात्र सापडत नाही."

"दोनाचं म्हंजी नवराबायकोचं," ठकूबाई हळूच सासूबाईंना म्हणाली.

"आणि ते निघणारच नाही," मी म्हटलं, "असं पुस्तकात सिद्ध करून दाखवलंय."

"पुस्तकात बी घालून ठिवलंय?" आता मात्र ठकूबाईच गंभीर झाली. तिने छबूच्या कपाळावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "मंगळवारी या. येताना उतारा घिऊन या. सुनबाईंच्या हातचाच पायजे. दुसऱ्याच्या हातचा चालत नाय. सकाळी आंघुळ करून सवळ्यात करायचा, अन् मधी कुनाशी बोलायचं नाय."

उतारा! प्रोफेसरही हेच सांगायचे की, की पुस्तकातला उतारा आपल्या हाताने लिहून काढा, त्याशिवाय डोक्यात राहत नाही. पण सोवळ्यात लिहायला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. शिस्त म्हणतात ती ही! मी मनातल्या मनात ठकूबाईला नमस्कार केला.

मंगळवारी सकाळी नहाणं केलं, सोवळं नेसले, पाट मांडला आणि बारा उदाहरणांचा उतारा ताव भरून सुवाच्य अक्षरात काढला. समास सोडून! मध्ये सासूबाई दोनदा डोकावल्या. मी बोलले नाही. मला मान खाली घालून बसलेली पाहून त्या डोळ्यांना पदर लावून परत गेल्या.

परीक्षा गुरुवारी होती. म्हटलं, आज करणी निघाली की झालं.

पंचवटीत पोचलो तर ठकूबाईची तयारी जय्यत. हळद, कुंकू, लिंबं, निखाऱ्यांची वाटी. गुरुजनांच्या घरी पूजा असेल काहीतरी, असं मी समजले. माझं हे समजणं पाहिलंत ना, अजून थांबलेलं नाही!

"उतारा कुटंय?"

मी तावाची घडी उलगडून पुढे केली.

ठकूबाईने ताव पाहिला. उलटा करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्ये काय?"

"उतारा."

"अगं, दहीभात कुठाय?" सासूबाई जवळजवळ ओरडल्या. "द्रोणातला दहीभात! ओवाळून टाकायचा उतारा!"

दहीभात. लिंबं. निखारे. करणी.

मी ताव पटकन पदराआड लपवला. "सासूबाई," मी म्हटलं, "तुम्हाला कुठली करणी वाटली?"

"कुठली म्हणजे? पोर चार दिवस रडतंय, तू जेवत नाहीस, मूळ सापडत नाही म्हणतेस! तुला कुठली वाटली?"

मी पुस्तक उघडून पान दाखवलं. मोठ्या टायपात लिहिलं होतं: 'प्रकरण नववे. करणी.' सासूबाईंना वाचता येतं. त्यांनी दोनदा वाचलं. पुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि खाली बसल्या.

"म्हणजे आपल्या छबूवर कुणी काही केलेलं नाही?"

"नाही हो. दात येतायत तिचे."

"मी तीन दिवस निव्वळ दुधावर आहे!" त्यांनी पदर खोचला. "तीन दिवस मी जागच्या जागी वाळले, नवस बोलले, आणि ही उदाहरणं लिहीत होती! पुरे ते कॉलेज. परवाची परीक्षा नको आणि पास व्हायला नको. आजपासून दोरी तुझ्या हातात!"

चूक माझी होती. डोळ्यांत पाणी आलं ते पुस्तकावरच पडलं, नेमकं पहिल्या उदाहरणावर.

ठकूबाई इतका वेळ गालावर हात ठेवून ऐकत होती. ती आधी खुदकन हसली, मग इतकी हसली की छबूही हसायला लागली. "म्हंजी करनी कागदावं हाय व्हय? मानसावं नाय?"

"कागदावर."

"मंग कागदावरनं काढू! लिंबं आनलीत, इस्तू पेटलाय. वैनी, रागावता कशाला? आलाच हाय तर मोकळ्या हातानं जाऊ नगा. दावा, कुटं बसलीय ती?"

सासूबाईंनी एक लिंबू तिच्याकडे सरकवलं. लिंबं वाया जाणं त्यांनाही पटत नसावं.

मी बोट ठेवलं. वर नुसता एक. मध्ये अपूर्णांकाची रेघ. खाली, छेदात, तीनाचं मूळ वजा एक. "इथे. खाली."

"वर कायबी नाय?"

"वर फक्त एक."

ठकूबाईने लिंबू उचललं. "खालून उतरवलं तर तेवढंच वरून बी उतरवाया लागतंय. न्हाईतर येक अंग हलकं, येक अंग जड. आन् ही बारकी आडवी रेघ कसली?"

"वजाची."

"मंग ती अशीच ठिवून चालायची नाय. उतरवताना उलटी धरायची. लागली तशीच काढाया गेलं तर आनखी घट्ट बसती."

आणि तिने लिंबू खालून फिरवलं, मग तेवढंच वरून.

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला! खाली तेवढंच वर. वजा असेल तर अधिक. प्रोफेसर तीन आठवडे इंग्रजीत हेच सांगत होते हो! मी ठकूबाईच्या चुलीतला कोळसा घेतला आणि ओट्यावरच लिहायला बसले. खाली तीनाचं मूळ अधिक एकने गुणलं, वरही त्यानेच गुणलं. छेदात राहिले तीन वजा एक. दोन. साधे, सरळ, मुळाबिळावाचून दोन!

"गेली!" मी ओरडले. "सासूबाई, करणी गेली!"

सासूबाईंनी नकळत हात जोडले. मग लक्षात येऊन चटकन सोडले.

परत येताना पुलावर त्या एवढंच म्हणाल्या, "गुरुवारी जाऊन ये. पण यापुढे त्या मेलीला घरात इंग्रजीतच काय म्हणतात ते म्हण. पोरीची जीभ वाकडी झाली तरी चालेल."

गुरुवारी पेपरात करणीची तीन उदाहरणं आली. मी तिन्ही काढली. फक्त प्रत्येक वेळी डावा हात आपोआप कागदाभोवती फिरत होता, खालून आणि वरून. देखरेखीचे प्रोफेसर दोनदा माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिले. माश्या नव्हत्याच तिथे, तरी मी माश्या वारल्यासारखं केलं.

पास झाले. शंभरात छत्तीस! त्यातले चोवीस करणीचे, म्हणजे खरं तर ठकूबाईचे. रविवारी ह्यांनी सगळं ऐकलं आणि हसता हसता चहा शर्टावर सांडला. "माझ्या वेळी का नाही नेलंस गं मला तिच्याकडे?" असं आईलाच विचारलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी ठकूबाईकडे खण-नारळ पाठवला.

नवीन सत्र सुरू झालं. परवा मी पुन्हा पाळण्याशेजारी पुटपुटत होते. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आता पुढे काय शिकवतायत?"

'पॉवर' हा इंग्रजी शब्दच सांगायचा होता. अगदी ठरवून ठेवलं होतं. पण ऐन वेळी तो तोंडात येईना, आणि वडिलांच्या पुस्तकातला आला.

"घात."

भाजीची जुडी हातातून सुटली. "कुणाचा?"

"अ चा. कधी कधी ब चा."

सासूबाईंनी एक मोठा श्वास घेतला. या वेळी दार लोटलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही. जुडी उचलून पुन्हा निवडायला घेतली.

"कळतोय का तुला तो?"

"नाही."

"मग ठकूबाईला विचारू का?"

आता मी मॅट्रिक झालेली. कॉलेजात जाणारी. साठजणांत तिघींपैकी एक. मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं.

मी म्हटलं, "विचारा. आणि उतारा लिहून आणायचा की दह्यात कालवून, तेवढं या वेळी नीट विचारून या."